बाळंतिणीच्या खोलीत उजेड

शेवंताचं, माझ्या धाकट्या नणंदेचं, लग्न कार्तिकात झालं आणि तिच्या अंगावरची हळद पुरती उतरायच्या आत लढाई लागली. लागली तशी बघता बघता संपलीही. त्याच दिवसांत मी बाळंत झाले. आमच्या घरात ते साल कुणी आकड्यानं सांगत नाही, शेवंताच्या लग्नाचं साल म्हणतात.

पौषातली दुपार होती. मी पोराला कुशीत घेऊन बाजेवर पडले होते आणि उंबऱ्याबाहेर माझ्या सासूबाई फोटोग्राफरशी भांडत होत्या.

"मावशी, नुसती खिडकी उघडा. देवानं दिलेला उजेड आत येऊ द्या. चुटकीसरशी काम होतंय."

"खिडकी उघडायची न्हाई. ओली बाळंतीण हाय. वारं लागलं तर तू येणार हाईस शेकाय?"

"मग त्यांना जरा सोप्यात आणून बसवा."

"सव्वा महिना झाल्याबिगर ती उंबरा वलांडायची न्हाई."

"अवो, पण अंधारात फोटो निघत न्हाई."

"मग तू कसला फोटोग्राफर?"

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. नाव हौसाबाई. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण माझ्या माहेरी आई नव्हती, म्हणून आत्याबाईंनी ते अंगावर घेतलं आणि अंगावर घेतलं म्हणजे पुरतंच घेतलं. खिडकीला आतून पोत्याचे बोळे, बाहेरून शेणाचा लेप. बाजेखाली शेगडी, शेगडीत ओवा आणि शेपा. धुरानं आणि अंधारानं दिवस कधी उगवला हे मला पोराच्या रडण्यावरनं कळायचं.

फोटो हवा होता तो पोराच्या बापाला. हे फौजेत होते. लढाई संपली तरी यांची पलटण सरहद्दीवरच होती आणि रजा मिळत नव्हती. पत्रं यायची, ती माझे दीर दिनकरभावजी वाचून दाखवायचे. मला तेव्हा अक्षर येत नव्हतं. भावजी वाचता वाचता मध्येच थांबायचे, कान लाल व्हायचे आणि म्हणायचे, "हितं काय विशेष न्हाई, वैनी." पुढं म्हातारपणाच्या तोंडावर मी साक्षरतेच्या वर्गात जाऊन अक्षरं शिकले आणि ती पत्रं स्वतः वाचली. भावजींनी बरंच गाळलं होतं.

पण एक गोष्ट त्यांनी कधी गाळली नाही, कारण ती प्रत्येक पत्रात होती: पोराचं तोंड बघायचंय. शेजारच्या गावचा सुबराव यांच्याच पलटणीत. पायाला लागलं म्हणून त्याला बरं व्हायला घरी पाठवलं होतं. तो उद्या पहाटेच्या गाडीनं गारगोटीहून निघणार होता. त्याला यांनी बजावून ठेवलं होतं, फोटो आणला नाहीस तर माझ्या तंबूत येऊ नकोस. म्हणजे फोटो काढायचा तो आजच, दिवसाउजेडी. रात्री धुऊन पहाटे सुबरावच्या हातात द्यायचा. आजचा चुकला तर पुढचा माणूस तिकडं कधी जाणार, कुणाला ठाऊक नव्हतं.

फोटोग्राफर होता नेमूअण्णा चौगुले. गारगोटीत त्याचा स्टुडिओ. स्टुडिओत पडदा, पडद्यावर तळं, तळ्यात दोन बदकं. आमच्या भागातली सगळी नवरानवरी त्या बदकांपुढं बसून आलेली. तो काही अडाणी नव्हता. खिडकी उघडली असती तर पेट्रोल वाचलं असतं, म्हणून त्यानं विचारून बघितलं, एवढंच. बैलगाडीत त्यानं सगळी तयारी आणली होती. विजेचे खांब तेव्हा नदीच्या पल्याड येऊन थांबले होते. लग्नाच्या मांडवात दिवे लावायला नेमूअण्णानं एक जोडयंत्र घेतलं होतं. एका बाजूला पेट्रोलचं लहान इंजिन, दुसऱ्या बाजूला डायनामो, मधे पट्टा. इंजिन पट्टा फिरवायचं, पट्टा डायनामो फिरवायचा आणि डायनामोतनं वीज निघायची.

अंगणात यंत्र उतरलं. तीन पायांच्या तिकाटण्यावरचे दोन मोठे दिवे खोलीत आले. पत्र्याच्या परातीएवढ्या टोप्या, आत भोपळ्याएवढे बल्ब. ते लावायला नेमूअण्णा आत आला तो दाराकडं तोंड करून, पाठीनं चालत. परक्या बाळंतिणीकडं बघायचं नाही म्हणून.

"नेमूअण्णा, असं उलटं चालून फोटो कसा काढणार?" मी पदराआडनं विचारलं.

"फोटो काढताना कॅमेरा बघतोय, ताई. मी बघत न्हाई."

दिवे लागायच्या आत बाहेर आत्याबाईंचा आवाज आला, "थांबा रं! नारळ कुठं हाय?"

दिनकरभावजी म्हणाले, "आई, नारळ कशाला?"

"नवं यंत्र माझ्या दारात सुरू व्हतंय आणि नारळ नको?"

"नवं न्हाई मावशी," नेमूअण्णा आतनं ओरडला, "चार मांडव झाल्यात त्याचे!"

"माझ्या दाराला नवंच हाय!"

हळद लागली, कुंकू लागलं. नारळ फोडायला आत्याबाईंना यंत्राची एक चांगली टणक कड सापडली. ती कड पेट्रोलच्या टाकीची होती. नेमूअण्णानं पेट्रोल ओतून झाकण बाजूला ठेवलं होतं, आत दिवे लावून मग लावू म्हणून. नारळाचे दोन सरळ भाग झाले, आणि पाणी सगळं टाकीत.

हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. नेमूअण्णानं बाहेर जाऊन झाकण लावलं, दोरी ओढली, इंजिन फटफटलं आणि माझ्या खोलीत दिवस उगवला.

इतक्या दिवसांनी मी ती खोली पाहिली. पोराच्या नाकावरचे बारीक पांढरे ठिपके पाहिले, ते मला माहीतच नव्हते. आत्याबाई दारात उभ्या होत्या आणि वर आढ्याकडं बघत होत्या.

"अगं बया! एवढी जळमटं!"

तेवढ्यात इंजिन खोकलं. एकदा, दोनदा. मग दमेकऱ्यासारखं घुरघुरलं आणि बंद पडलं. पुन्हा काळोख.

नेमूअण्णानं दोरी ओढली, ओढली, ओढून हाताला फोड आणला. मग झाकण उघडून बोट बुडवलं आणि जिभेला लावलं.

"गोड लागतंय," तो म्हणाला.

मग भावजीच हळू आवाजात म्हणाले, "आई, नारळाचं पाणी."

"आता टाकी उतरायची, नळी उतरायची, धुवायची, वाळवायची," नेमूअण्णा म्हणाला. "आज काय हे चालत न्हाई मावशी. सुबरावला काय सांगायचं ते ठरवा."

मी आत हुंदका दिला असेन, कारण आत्याबाई तडक आत आल्या. शेगडीच्या उजेडात त्यांचा चेहरा दिसत नव्हता, नुसता आवाज.

"रडायचं न्हाई. दूध आटतंय." मग दाराकडं वळून, "नेमू, त्या यंत्रात मेलं काय आणि जिवंत काय?"

"इंजिन मेलं. डायनामो जिवंत हाय."

"मग त्याला काय लागतंय?"

"फिरवणारं कायतरी लागतंय. दुसरं इंजिन."

तो एवढं बोलला आणि सगळ्यांचे कान परसाकडं वळले, कारण परसातल्या भिंतीपलीकडनं आवाज येत होता, डुग डुग डुग डुग. सकाळपासून येतच होता. रावबातात्यांचं गुऱ्हाळ.

रावबातात्या म्हणजे माझ्या सासऱ्यांचे धाकटे भाऊ. भिंत एक, नदीचा घाट एक, पण बोलणं बंद. का, तर माझ्या लग्नात. सासरे तेव्हा नुकतेच गेलेले, घरात पुरुषमाणूस कर्ता नाही, गडबडीत तात्यांना मानाचा फेटा बांधायचा राहिला. तात्या भर मांडवातनं उठून गेले, ते पुन्हा उंबऱ्याला आले नाहीत. पोरगा झाला तेव्हा गावानं पेढे खाल्ले. तात्यांच्या घरी पाठवलेले पेढे तात्यांच्या बैलानं खाल्ले.

आत्याबाई माझ्या बाजेखाली वाकल्या. ट्रंक ओढली. कुलूप निघाल्याचा आवाज, मग डांबराच्या गोळ्यांचा वास.

"आत्याबाई, काय काढताय?"

"तू बोलू नको. बोललं की पोटात वारं जातंय."

त्यांनी काढला तो सासऱ्यांचा जरीचा फेटा. सासरे गेल्यावर तो कुणाच्या डोक्याला लागला नव्हता. यांनी लग्नात मागितला होता, तरी दिला नव्हता. पदराखाली घेऊन त्या परसदारानं गेल्या.

मला बाजेवरनं हलायची सोय नव्हती, पण भिंतीपलीकडचं सगळं ऐकू येत होतं. इंजिनाच्या वरताण बोलायचं म्हणजे आत्याबाई आणि तात्या दोघंही ओरडत होते.

"ओ भावजी!"

"कोण हाय?"

"तुमची वैनी."

"मला वैनी न्हाई! ज्या मांडवात माझ्या डोस्क्याला फेटा न्हाई त्या मांडवाशी माझा संबंध न्हाई!"

"म्हणूनच आलीया. खाली बसा."

"का?"

"उंच हाईसा. माझा हात पोचत न्हाई."

पुढं नुसतं डुग डुग डुग. दिनकरभावजी भिंतीवर चढले होते.

"भावजी, काय चाललंय?"

"आई तात्यास्नी फेटा बांधाय लागलीया."

"आणि तात्या?"

"बसल्यात की. चुलवाणापुढं, उकिडवं."

"डोळ्यांत पाणी आहे का?"

भावजींनी जरा नीट बघितलं. "न्हाई. सैल बांधला म्हणून कुरकुर कराय लागल्यात."

थोड्या वेळानं तात्यांचा आवाज आला, आता त्यात मालकीपणा होता. "आरं दिनक्या, भिंतीवर माकडागत काय बसलास? आण की तो डायनामो हिकडं!"

डायनामो भिंतीवरनं पलीकडं गेला. तात्यांच्या इंजिनाला दोन चाकं होती. एकावर उसाच्या चरकाचा पट्टा, दुसरं मोकळं. मोकळ्या चाकावर नेमूअण्णानं डायनामोचा पट्टा चढवला. मांडवाला लागते तेवढी लांब वायर होतीच. ती भिंतीवरनं, शेवग्यावरनं, परसातनं माझ्या बाजेपर्यंत आली.

पण तात्यांचं इंजिन म्हणजे नेमूअण्णाचं खेळणं नव्हे. तात्यांनी हौसेनं दांडा वर सारला आणि खोलीतला एक दिवा पांढरा, मग निळा झाला आणि फाट्‌कन फुटला.

"गोळी झाडली का काय रं!" आत्याबाई भिंतीपलीकडनं धावत आल्या.

"कमी करा!" नेमूअण्णा दारातनं ओरडला. "कमी करा म्हणावं तात्यांना! एकच दिवा राहिला!"

"कमी करा!" भावजी भिंतीवरनं ओरडले.

"काय?" तात्या म्हणाले.

"कमी!"

"अजून?"

"अजून न्हाई! कमी, कमी!"

दिवा लहानमोठा व्हायला लागला, श्वास घेतल्यागत. अडचण वेगळीच होती. तिकडं चरकात ऊस घातला की इंजिनावर भार पडायचा आणि माझ्या खोलीत संध्याकाळ व्हायची. ऊस सरला की पुन्हा दुपार. नेमूअण्णानं निरोप दिला, फोटो होईपर्यंत ऊस घालू नका. तो निरोप भावजींनी पोचवला आणि त्यावर तात्यांच्या गुळव्यानं, गूळ शिजवणाऱ्या माणसानं, कपाळावर हात मारला.

"मालक, गुळाची काहील उतरायला आलीया! उतरली की लगोलग नवा रस वतायचा. चरक थांबवला तर रस कुठला? चुलवाणावर रिकामी काहील ठेवू का?"

"काहील उतरंपतूर थांब," तात्या म्हणाले.

"आणि उतरल्यावर?"

"उतरल्यावर बघू. आज मी फेटा बांधलाय."

इकडं नेमूअण्णानं माझ्या पाठीमागं गोधडी टांगली. बदकांच्या जागी ती. आत्याबाईंनी पोराला तीट लावली, गालाला, कपाळाला, तळपायाला. नेमूअण्णा म्हणाला एवढं काळं लावलंत तर पोरगं ठिपक्याठिपक्याचं निघेल. त्यांनी आणखी एक लावली. मला उठवून बसवलं, पोराला माझ्या मांडीवर उभं धरलं. दिवा तोंडावर आला आणि पोरानं डोळे गच्च मिटले.

नेमूअण्णानं टाळी वाजवली. शीळ घातली. बदकाचा आवाज काढला.

"मिटलेल्या डोळ्यांचा काढला तर?" मी विचारलं.

"ताई, तिकडं तो फौजी बसलाय. झोपलेलं पोर पाठवलं तर जिवाला घोर लागंल त्याच्या."

हे खरं होतं. आणि दुसरं असं, की पोराची मान ठरत नव्हती. वीस-बावीस दिवसांचं पोर. मी दोन्ही हातांनी धरलं तर माझेच हात त्याच्या तोंडावर. सोडलं की मान कलंडायची.

"मावशी, तुमी पण बसा की ह्यांच्या शेजारी. मान धरा," नेमूअण्णा म्हणाला.

"मी? माझं तोंड ज्यानं बघायचं त्यानं बघून झालंय."

आत्याबाईंच्या तोंडावर देवीचे व्रण होते. शेवंताच्या लग्नात बदकांपुढं सगळं घर बसलं, या आतबाहेर करत राहिल्या. फोटोचं नाव काढलं की त्यांना चुलीवरचं दूध आठवायचं.

"मग मान कोण धरणार?"

त्यांनी एकदा पोराकडं बघितलं, एकदा दिव्याकडं. मग गोधडीच्या मागं गेल्या. फटीतनं त्यांचा हात आला आणि पोराच्या मानेमागं बसला.

"मावशी, हात फोटोत येतोय."

"येऊ दे. मागनं कापून टाक."

भिंतीवरनं भावजी ओरडले, "काहील उतराय लागली! गुळव्या ऐकत न्हाई!"

नेमूअण्णा कॅमेऱ्यामागं वाकला. दिवा भगभगत होता, पोराचे डोळे मिटलेले. पलीकडनं गुळव्याचा आरडाओरडा, तात्यांच्या शिव्या, आणि मग उसाची मोळी चरकात गेल्याचा करकर आवाज. इंजिन दबलं. दिवा तांबडा झाला, विझल्यातच जमा. आणि त्या तांबड्या उजेडात पोरानं डोळे उघडले. टक्क.

"हलू नका!" नेमूअण्णा कुजबुजला. "उजेड कमी हाय, जरा वेळ लागंल. कुणी हलू नका."

मी श्वास धरला. पोराला कुणी सांगायचं? त्यानं जांभई दिली.

कॅमेरा वाजला. लगेच दिवाही गेला. पट्टाच उतरला होता.

"झाला?" मी विचारलं.

"झाला," नेमूअण्णा म्हणाला. "कसा झाला ते उद्या कळंल."

ऊन उतरायच्या आत त्याची गाडी निघाली. तात्या फेट्यासकट उंबऱ्यापर्यंत आले, पोराला बाहेरूनच बघितलं आणि म्हणाले नाक आमच्याकडचं आहे. आत्याबाई म्हणाल्या, नाक कुणाचंही असू दे, फेटा परत करा. तात्या म्हणाले मानाचा फेटा कुणी परत करतं का? त्यावरनं पुन्हा वाजतंय की काय असं वाटलं, पण तात्यांच्या घरनं लोटाभर गरम काकवी आली, तेव्हा आत्याबाईंनी विषय सोडला.

दुसऱ्या दिवशी पहाटे नेमूअण्णानं गारगोटीच्या स्टँडवर सुबरावच्या हातात पाकीट दिलं. फोटो एकच निघाला होता, तोही ओला. कापायला, दुसरी प्रत करायला वेळ नव्हता, आणि पुढं त्या फोटोची मूळ काच फुटली की हरवली म्हणून दुसरी प्रत कधी झालीच नाही. आमच्या घरातल्या कुणी तो फोटो पाहिला नाही. पत्र आलं, त्यात फोटो पोचला, लई झकास आलाय, एवढंच. भावजींनी या वेळी काही गाळलं नव्हतं, पुढं मी वाचून बघितलं.

हे रजेवर आले ते ज्येष्ठात. दारात ट्रंक ठेवली आणि पहिल्यांदा पोराला घेतलं. पोरगं तोवर बसायला लागलं होतं. मग खिशातनं फोटो काढून माझ्या हातात दिला. कोपरे मऊ पडले होते.

मी उजेडात नेऊन बघितला. माझं अर्धं तोंड पदराआड, उरलेलं अर्धं काळोखात. पोराच्या तोंडाच्या जागी नुसता धुराचा गोळा, जांभई दिली होती ना त्यानं. त्या गोळ्याखाली एक हात होता. तेवढा एकच हात जराही हलला नव्हता, म्हणून लख्ख आला होता. मनगटावरचं गोंदण, सांध्यांवरच्या भेगा, चरकात सापडून वाकडी झालेली करंगळी.

"पोराचं तोंड काय कळंना," हे म्हणाले. "तंबूतली सगळी विचारायची, पोरगं कसं हाय रं? मी म्हणायचो, माझ्या आईनं धरलंय त्याला."

मी म्हटलं, "कापून टाका म्हणाल्या होत्या."

"बरं झालं कापला न्हाई," हे म्हणाले आणि फोटो पुन्हा खिशात ठेवला.

माझ्या सासूबाई हौसाबाई हे रजेवर यायच्या आधीच, एकोणीसशे बाहत्तरच्या चैत्रात, हनुमान जयंतीच्या सकाळी गेल्या. यांना तार उशिरा मिळाली. त्यांचा दुसरा फोटो नाही.